कपडा आधी उलटा करा: गोव्यात जुने कपडे घ्यायचे आणि टिकवायचे तर

जुने कपडे वापरायचं मनावर घेतलेले बहुतेक जण सुरुवात बाजारापासून करतात. माझं म्हणणं, कपाटापासून करा; आणि दुकानात शिरण्याआधी सुई धरायला शिका. ज्याला बटण लावता येत नाही त्याच्या घरी स्वस्तात आलेला जुना शर्ट म्हणजे आणखी एक न घातलेला शर्ट. थ्रिफ्टच्या, म्हणजे जुने कपडे स्वस्तात घेण्याच्या, नावाखाली दर महिन्याला पिशवीभर कपडे आणणारी मंडळी पणजीत मी बघते. त्यांच्या आणि मॉलमध्ये जाणाऱ्यांच्या कपाटात फारसा फरक नसतो, फरक असतो तो बिलात.

फास्ट फॅशनचं सगळं गणित वेगावर चालतं. कपडा स्वस्त द्यायचा, चार धुण्यांत त्याने अंग टाकायचं, मग दुसरा घ्यायचा. या स्वस्ताईची किंमत भलतेच लोक मोजतात. ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक परदेशी ब्रँडसाठी शिवणकाम करणारी होती. पाण्याचंही तसंच. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. कापूस कुठला यावर तो आकडा हलतो, पण पाणी जे जायचं ते कपडा तुमच्या हाती येण्याआधीच गेलेलं असतं. पुढे तो दोन वर्षं अंगावर राहतो की दहा, एवढंच तुमच्या हातात उरतं.

घरात कुणीतरी नाक मुरडणारच. ‘दुसऱ्याच्या अंगावरचं कशाला?’ वाद घालू नका. फक्त आठवण करून द्या, की आपल्यापैकी बऱ्याच जणांची बाळोती आजीच्या विरलेल्या लुगड्याची होती, कारण नवं कापड तान्ह्याला टोचतं. चवथीला नवा कपडा हवा असेल तर तो घ्या की खुशाल. सणाच्या एका कपड्याने काही बिघडत नाही, प्रश्न उरलेल्या वर्षभराचा आहे.

आधी कपाट

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की एका सकाळी सगळे कपडे बाहेर काढा. वापरातले परत ठेवा. उरलेल्यांचे दोन ढीग करा: काहीतरी मोडलंय म्हणून पडून असलेले, आणि अंगाला होत नाहीत म्हणून पडून असलेले. पहिला ढीग हीच तुमची शाळा. बटण तुटलेलं, कड सुटलेली, चेन अडकलेली, काखेत उसवलेलं. यातलं निम्मं काम एका रविवारी दुपारी उरकतं. दुसऱ्या ढिगातलं काय कमी-जास्त करता येईल ते शिंप्याला विचारायचं. हे झाल्यावर मगच, खरोखर काय कमी आहे त्याची यादी मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पुढे बाजारात ती यादी तुमचा बचाव करेल.

डब्यात काय हवं

फार काही नको. हाताच्या सुयांचं एक मिश्र पाकीट, टाचण्या, मोजपट्टी, छोटी धारदार कात्री, उसवणी (शिवण उसवायचं टोकदार हत्यार), आणि पांढरा, काळा, निळा, खाकी असे चार दोरे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलात तर तिथे घ्या, नाहीतर गावातलं कुठलंही मॅचिंग सेंटर चालेल. एक घोळ लक्षात ठेवा: हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. मशीनच्या सुईचं बरोबर उलटं, तिथे अकरा नंबर पातळ कापडाला आणि सोळा नंबर जीन्सला. दोरा स्वस्तातला घेऊ नका. दोन बोटांत धरून झटका दिल्यावर तुटतो तो दोरा बटणालाही नको.

तीन टाके पुरतात

धावदोरा, उलटी टीप आणि हेम. धावदोरा म्हणजे सुई वर-खाली, वर-खाली. कापडं तात्पुरती जोडायला आणि ठिगळ बसवायला तोच. उलट्या टिपेत प्रत्येक टाका थोडा मागे येऊन पुढे जातो, म्हणून ती मशीनच्या शिलाईसारखी घट्ट बसते. उसवलेली शिवण हिनेच घ्यायची. हेम साडीच्या फॉलला असते तशी, वरून न दिसणारी. शाळेच्या शिवणकामाच्या तासाला ज्यांनी हे केलंय त्यांचे हात दहा मिनिटांत आठवतील.

बटणाबद्दल एकच सांगते. बटण कापडाला चिकटवून शिवू नका. बटण आणि कापड यांच्यामध्ये आगकाडी धरा, दुहेरी दोऱ्याने चारही भोकांतून टाके घाला, मग काडी काढून दोरा बटणाच्या खाली तीन-चार वेढे गुंडाळा आणि मागच्या बाजूला गाठ मारा. त्या वेढ्यांमुळे काजात कापडाच्या जाडीला जागा मिळते, नाहीतर बटण ओढलं जातं आणि शेवटी बटणाबरोबर कापडही फाटतं.

खरं काम जीन्सचं. मांडीच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ, ती विरते आणि एक दिवस स्कूटरवर बसताना जाते. ती टाकून देऊ नका, तशीच घालतही राहू नका. पँट उलटी करून खिडकीच्या उजेडासमोर धरा. भोक लहान दिसेल, पण भोवतीचा विरळ झालेला भाग त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. ठिगळ त्या सगळ्या भागावर हवं, नुसत्या भोकावर नव्हे. दुसऱ्या निकामी जीन्सच्या पोटरीकडचा तुकडा घ्या, तिथलं कापड कमी झिजलेलं असतं. विरळ भागाच्या चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त ठेवून कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा धुण्यात उचलला जातो. तुकड्याचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्याच्या दिशेनेच ठेवायचा; तिरका बसला तर चालताना ओढ बसते.

तुकडा आतून लावा, टाचण्या टोचा, कच्चा दोरा घाला. मग सुलट बाजूने धावदोऱ्याच्या शेजारी-शेजारी ओळी घालत जा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा ओढून ताणू नका. ओळीच्या शेवटी वळताना थोडासा सैल सोडा, म्हणजे कापड गोळा होत नाही. सगळ्या ओळी एकाच रेषेत संपवू नका, एक लांब, एक आखूड अशा ठेवा; एका रेषेत संपल्या तर पुढची फाटण नेमकी त्या रेषेवर येते. ठिगळाची कड दुमडू नका. दुमडलेली जाड कड मांडीला घासते, आणि मे महिन्याच्या घामात ते कसं लागतं ते वेगळं सांगायला नको. कड तशीच ठेवून तिच्यावरून आतून टाके घाला. दोरा जीन्सच्या रंगाचा घ्यायचा की मुद्दाम लाल-पिवळा, ही ज्याची त्याची हौस. ऑफिसला घालायची असेल तर निळाच बरा.

कुठे आणि कधी घ्यायचे

सगळ्यात चांगला जुना कपडा नात्यात मिळतो. मावसबहिणीचा कुर्ता, काकांचा कोट. यात पैशांचा संबंध नाही आणि कपड्याचा इतिहास माहीत असतो.

त्यानंतर किनारपट्टी. हणजुणे, आसगाव, शिवोली, मोरजी या भागांत हंगामापुरते किंवा वर्ष-दोन वर्षं भाड्याने राहणारे लोक एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी, घर आवरतात. निघताना लिननचे शर्ट, जाकिटं, चांगल्या जीन्स व्हॉट्सॲप ग्रुपवर विकतात किंवा देऊन टाकतात. गोव्यात खरेदीचा खरा मोसम हाच: माल भरपूर, देणाऱ्याला घाई, आणि कपडे कडक उन्हात वाळलेले. याउलट जुलै-ऑगस्टमध्ये अनोळखी माणसाकडून जुना कपडा घेऊच नये असं माझं मत आहे. कपाटातल्या दमटपणाने त्याचं काय झालंय ते त्या हवेत कळत नाही, सगळ्यालाच कुबट वास असतो.

हणजुण्याचा बुधवारचा बाजार १९७०च्या दशकात हिप्पींनी आपल्याजवळचं सामान विकून पुढच्या प्रवासाचे पैसे उभे करायला सुरू केला. म्हणून बरेच जण जुने कपडे मिळतील या आशेने तिथे जातात. आज तिथे बहुतेक माल नवा, पर्यटकांसाठी आणलेला असतो. फिरायला जरूर जा. चर्च किंवा संस्था मदतनिधीसाठी जुन्या वस्तूंची विक्री ठेवतात ती जास्त कामाची, गावातल्या फलकांवर लक्ष ठेवा.

इन्स्टाग्रामवरच्या थ्रिफ्ट पानांबद्दल जरा सावध. तिथे ‘थ्रिफ्ट’ म्हणून पुष्कळदा एक्सपोर्ट सरप्लसचा, म्हणजे निर्यातीसाठी शिवून उरलेला, नवाकोरा माल असतो. तो वाईट असतो असं नाही, पण तो कुणी वापरलेला नाही, म्हणजे त्याने कुणाच्या कपड्याचं आयुष्य वाढवलेलं नाही. ‘इंपोर्टेड व्हिंटेज’ असं लिहिलं असेल तर माल आला कुठून हे खुशाल विचारा, कारण वापरण्याजोगे जुने कपडे भारतात आयात करायला परवाना लागतो. फोटोवरून साइझ ठरवू नका. घरातला तुम्हाला सर्वांत चांगला बसणारा शर्ट पलंगावर सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांदा, बाही आणि उंची मोजून ठेवा. विकणाऱ्याकडून हीच चार मापं मागा. मापं द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडून घेऊ नका, एवढं सोपं आहे ते.

हातात घेतल्यावर

आता मुख्य गोष्ट. कपडा आधी उलटा करा. समोरून सगळेच कपडे बरे दिसतात, इस्त्रीने तर फारच. आतून मात्र काही लपत नाही.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: गेलाय तो दोरा की कापड? शिवण उसवली असेल, बटण नसेल, कड सुटली असेल तर दोरा गेलाय. ते पाच-पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यावर भाव करायलाही जागा मिळते. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड धरून हलकं ओढा. टाक्यांच्या जागी बारीक भोकं रुंदावताना दिसली तर कापड गेलंय. कितीही आवडला तरी परत ठेवा, कारण नवी शिवण घालायला तिथे धरच नाही. काख, कोपर, कॉलरची घडी, पँटची बैठक, या जागा उजेडासमोर धरून बघा. कॉलरची फक्त वरची बाजू विरली असेल तर शिंपी ती उसवून उलटून लावतो. पूर्वी हे काम सर्रास व्हायचं, आता सांगावं लागतं.

त्यानंतर माया बघा, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. शिंप्याकडे शिवलेल्या कपड्याला ती भरपूर असते. पुरुषांच्या पँटला मागच्या शिवणीत बहुधा एवढी असते की कंबर वाढवता येते. फास्ट फॅशनच्या कपड्यात ओव्हरलॉकच्या (कड उसवू नये म्हणून मशीनने घातलेल्या) टाक्यापलीकडे काहीच नसतं, म्हणून तो सैल करता येत नाही, फक्त घट्ट करता येतो. ब्रँडच्या चिठ्ठीपेक्षा ही माया जास्त खरं बोलते.

वास घ्या, लाजू नका. घामाचा वास धुण्याने जातो. कुबट वास आणि सोबत काळे बारीक ठिपके असतील तर ती बुरशी सुतात शिरलेली आहे, ती सहसा जात नाही. तांबूस डाग म्हणजे गंज. समुद्राच्या हवेत हूक, टिच बटणं, हँगर सगळं गंजतं आणि कापडावर उतरतं. सुती पांढऱ्या कपड्यावरचा गंज लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवला की बराचसा निघतो. हळदीचा डागही उन्हात फिका पडतो. जुना तेलाचा डाग मात्र गृहीत धरा की तुमच्याबरोबरच राहणार.

चेन चार वेळा वर-खाली करा. नुसता रनर सैल असेल तर तो बदलता येतो, दात गेले असतील तर पूर्ण चेन बदलावी लागते आणि जीन्स-जाकिटाला ते महाग पडतं. माझा हिशेब असा: कपड्याची किंमत अधिक शिंप्याचा खर्च, हे दोन्ही मिळून तशाच नव्या कपड्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर सोडून द्यायचं.

काही गोष्टी मुळीच घेऊ नका. आतले कपडे, हे सांगायला नको. पोहण्याचे कपडे आणि लायक्रा. त्यातलं इलॅस्टिक मेलं की परत येत नाही. रेक्झिनची जाकिटं आणि पॉलियुरेथेन (फोमसारखं हलकं प्लॅस्टिक) तळाचे बूट, कारण तो थर दमट हवेत आपोआप सुटतो. कपाटात न वापरता पडलेल्या बुटाचा तळ एका सकाळी चुरा होऊन हातात आलेला गोव्यात अनेकांनी पाहिलाय. जुना रेनकोटही नको, शिवणीवरच्या पट्ट्या सुटलेल्या असतात आणि ते कळतं पहिल्या पावसातच.

घरी आणल्यावर

पिशवी थेट कपाटात नेऊ नका. सुती कपडा रंग जात नसेल तर गरम पाण्यात धुवा. साठ अंशांचं पाणी ढेकूण आणि त्यांची अंडी मारायला पुरतं. रेशीम, लोकर यांना गार पाणी आणि सौम्य साबण. मग सुती कपडा उलटा करून दिवसभर कडक उन्हात. कापड कशाचं आहे याची शंका असेल तर आतल्या मायेतला एक धागा काढून, बाहेर मोकळ्या जागी, चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून कडक मणी तयार होतो, लोकर आणि रेशमाला केस जळाल्याचा वास येतो.

दुरुस्ती असेल ती धुतल्यावर लगेच करा. ‘करू कधीतरी’ म्हणून ठेवलेला कपडा पुढच्या ऑक्टोबरात त्याच ढिगात भेटतो.

शिंप्याकडे काय न्यावं

उंची, बाही, बाजूच्या शिवणी, कंबर, चेन, कॉलर. खांदा शक्यतो नको. खांदा बदलायचा म्हणजे बाह्या काढून पुन्हा बसवायच्या, आणि एवढं करूनही कपडा बहुधा रुसलेलाच दिसतो. चवथीच्या आधीचा महिना आणि नाताळाच्या आधीचा महिना टाळा. त्या दिवसांत नव्या शिलाईचा ढीग असतो आणि तुमचं ठिगळ कोपऱ्यात पडून राहतं. पँटची उंची द्यायची असेल तर आधी ती एकदा धुवा, सुती कापड आटतं. आणि कापलेलं कापड परत मागून घ्या, पुढच्या ठिगळाला तेच लागतं.

एक गोष्ट शिंप्याकडे मुळीच नेऊ नका: आजीच्या पेटीतलं जुनं हातमागाचं कापड. लाल-पांढऱ्या चौकड्यांची सुती कुणबी साडी निघाली तर तिचा कुर्ता, पिशव्या करायचा मोह होईल. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा लोकांच्या नजरेत आणली, कारण ती गोव्यातून दिसेनाशी होत चालली होती. विरलेली असेल तर आतून मलमलचं अस्तर लावून सांभाळा, कात्री लावू नका.

पावसाळा

गोव्यात कपडे वापरून जितके जातात तितकेच जून ते सप्टेंबरमध्ये कपाटात जातात. मेअखेर सगळं एकदा उन्हात घाला. स्टार्च किंवा पेजेचा निवळ दिलेला कपडा तसाच ठेवू नका, बुरशीला आणि कसरीला तेच आवडतं. साधा धुवून ठेवा. इस्त्री करून गरम असतानाच घडी घालून ठेवला तर आतली वाफ घडीतच राहते, थोडा वेळ टांगून मग ठेवा. कपाट गच्च भरू नका आणि ते भिंतीला टेकवू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्यांपेक्षा जुनी सुती उशीची खोळ बरी. पावसाने उघडीप दिली की दारं सताड उघडी टाकायची, बाकीची कामं नंतर.

आणि शेवटी ज्याचं काहीच होत नाही ते

देऊन टाकणं म्हणजे टाकून देणं नव्हे. ज्याला द्यायचं त्याला आधी विचारा, धुऊन, बटण लावून द्या. फाटकं देऊन पुण्य मिळत नाही, समोरच्यावर कचरा ढकलला जातो. विकले-टाकलेले लोकरीचे कपडे बरेचदा पानिपतपर्यंत पोचतात. तिथे ते चिरून, पिंजून त्याचंच सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात. बाकीचं घरीच मुरवा. आधी बटणं, चेन, हूक काढून डब्यात टाका. सुती साड्या आणि धोतरं गोधडीला, सुती बनियन फडक्यांना. पॉलिएस्टरचं पायपुसणं करू नका, ते पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं. ते बारीक कापून उशीत भरा.